स्वतःहून

बाईने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. ती त्याच्याच शब्दकोशातल्या एका पानाची झेरॉक्स होती. पान दोनशे बारा. एका नोंदीखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती, आणि ती इतकी दाबून मारलेली की कागद फाटायच्या बेतात आला होता. "हे कोणी लिहिलंय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. चुकीचं शिवलेलं कापड घेऊन गिऱ्हाईक दुकानात परत यावं तशी ती उभी होती. कोशाच्या कचेरीत सहसा कुणी भेटायला येत नसे. शब्दांना नातेवाईक नसतात, असं तो थट्टेने म्हणायचा. त्यामुळे या चिंचोळ्या खोलीत, चिठ्ठ्यांच्या खोक्यांच्या मधोमध, सकाळी अकरा वाजता एक परकी बाई उभी आहे आणि तिचं बोट आपल्या वाक्यावर आहे, हे लक्षात यायलाच त्याला जरा वेळ लागला. समोर नव्या मोठ्या कोशाची मुद्रितं पसरली होती, 'उ' या अक्षराची. हातातली लाल पेन्सिल त्याने खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली पडली, तरी तो वाकला नाही.

"बसा," तो म्हणाला.

"बसत नाही. कामं टाकून आलेय." मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. गॅस कारखान्यामागे सत्तावीस घरांची वस्ती होती. खालून रेल्वेचा बोगदा काढायला लागले, तशा भिंतींना भेगा पडल्या. आधी बोट जाईल एवढ्या, मग हात जाईल एवढ्या. एका दुपारी शेजारच्या घराचं छत खाली आलं. नशिबाने आत कुणी नव्हतं. "मग आम्ही काय करायचं? पोरंबाळं घेऊन निघालो. आणि आम्ही निघाल्यावर नवव्या दिवशी नोटीस आली. आता अकरा घरं जीव मुठीत धरून तिथेच थांबली होती, त्यांच्या हातात नोटीस पडली, म्हणून त्यांना नव्या खोल्या. आम्ही सोळा घरं म्हणे स्वतःहून गेलो. साहेबांनी हुकमात तुमचं पुस्तक लिहिलंय. पान नंबरासकट."

त्याने कागद जवळ ओढला. अकरा वर्षांपूर्वी कचेऱ्यांसाठी केलेला तो परिभाषेचा कोश होता. शब्द ओळखीचे होते, वळणही त्याचंच. *स्थलांतरित: आपले राहते ठिकाण स्वतःहून सोडून अन्यत्र गेलेला. विस्थापित: ज्यास राहत्या ठिकाणावरून दुसऱ्याने हलविले आहे असा.* आणि खाली बारीक टायपात: *टीप – आदेश हाती पडण्यापूर्वी जो निघतो, तो स्थलांतरित होय.* रेघ टिपेखाली होती.

"मी शिवणकाम करते," बाई म्हणाली. "माप चुकलं तर उसवते आणि परत शिवते. तुमच्यात असं काही असतं का?"

"नव्या आवृत्तीत दुरुस्ती करता येते," तो म्हणाला, आणि ते किती पोकळ आहे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"सुनावणी गुरुवारी आहे. तुम्ही येऊन सांगा ना, याचा अर्थ असा नाही म्हणून."

"मी फक्त अर्थ लिहितो, बाई."

"मग अर्थच सांगायला या."

"पाहतो," तो म्हणाला. ती गेली. झेरॉक्स तिने तिथेच ठेवली होती. 'पाहणे' या क्रियापदाचे एकवीस अर्थ त्याने स्वतः लावले होते, आणि आपण आता वापरलेला बाविसावा, ज्यात काहीच पाहायचं नसतं, तो आपल्याकडून सुटला, एवढाच विचार त्याच्या मनात आला. मग एकदम जिभेवर चुन्याच्या धुळीची चव आली. कोरडी, कडवट, दातांखाली करकरणारी. तो पाणी प्यायला. चव गेली नाही. पुन्हा प्यायला.

ती टीप समितीने मागितली नव्हती. ते त्याला पक्कं आठवत होतं. समितीत सगळे वकील नाहीतर निवृत्त अधिकारी, त्यांना दोन ओळींत काम उरकायचं होतं. टीप त्याने आपल्या मनाने घातली होती, आणि घालताना छाती किंचित फुगली होती. कारण ते वाक्य त्याचं नव्हतं, आईचं होतं. लहानपणापासून त्याने ते शंभर वेळा ऐकलं होतं. तो सहा वर्षांचा होईपर्यंत ते खाणीजवळच्या चाळीत राहत. वडील खाणीच्या कारखान्यात सुतार होते. खाण रुंदावत रुंदावत चाळीपाशी आली, आणि एका ओळीमागून एक ओळ रिकामी व्हायला लागली. "लोकांना काढलं," आई सांगायची, पाठ ताठ करून, "पण आपल्याला कुणी काढलं नाही. कागद यायच्या आत आपण निघालो. आपले आपण, स्वतःहून." कुणी पाहुणा कधी चुकून म्हणाला की तुम्हाला तिथून उठवलं ना, तर आई त्याचं वाक्य तिथेच दुरुस्त करायची. त्या घरातला पहिला कोशकार खरं तर तीच. ते वाक्य त्याने बारीक टायपात छापलं, आणि आता त्या वाक्याने सोळा घरांची दारं बंद केली होती.

त्याने मुद्रितांवर नजर टाकली. आज नेमकी हीच पानं यावीत याचं त्याला हसूही आलं नाही. उखडणे, उच्चाटन, उजाड, उठवणे, उन्मळणे, उपटणे, उपरा. एकाच अक्षरात माणसाला जागेवरून हलवायचे इतके शब्द, जणू जिभेने वर्षानुवर्षं हेच काम केलंय. उपटणे हे उत्पाटनापासून आलं. ते सकर्मक, उपटणारा कुणीतरी लागतो. उन्मळणे हे 'उद्' आणि 'मूल' मिळून झालं, मूळ वर येणं, आणि ते अकर्मक. झाड उन्मळून पडतं. कुणी पाडलं ते वाक्यात कुठेच नसतं. हा फरक शिकाऊ मुलांना समजावून सांगताना त्याला नेहमी मजा वाटायची. आज वाटलं, वाक्यातून माणूस किती सहज नाहीसा करता येतो. क्रियापद बदललं की झालं. मग दुसऱ्या अक्षरांतले शब्दही आठवायला लागले. परागंदा हा फारसी शब्द, मूळ अर्थ विखुरलेला. लोक तो पळून गेलेल्याला लावतात, म्हणजे ज्याला विखुरलं त्याच्यावरच पळाल्याचा ठपका. बेचिराखमध्ये राख नाहीच. 'बे' आणि 'चिराग'. ज्या गावात एक दिवा उरला नाही ते. पण सगळ्यांना राखच दिसते, कारण राख दिसायला सोपी. न लागलेला दिवा कसा दिसणार? तो शब्दांवरून बोट फिरवत राहिला. घाबरला की तो नेहमी असंच करायचा. एखादा माणूस जपमाळ ओढतो तसा तो व्युत्पत्त्या ओढायचा. आज मात्र एकेका शब्दाखालून गार वारा येत होता.

दुपारी संचालकांनी बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. एवढ्याशा कचेरीत शिंक आली तरी दुसऱ्या खोलीत रुमाल निघतो. "काय अर्थमंत्री," ते म्हणाले. त्याला सगळे त्याच नावाने हाक मारत. "कोण बाई आली होती म्हणे?"

त्याने सांगितलं. संचालकांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, फक्त फार वर्षं खुर्चीत बसला होता. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. गेलात तर संस्थाच सरकारविरुद्ध गेल्यासारखं होईल. ही इमारत कुणाची? त्यांची. मागची तुमची क्वार्टर कुणाची? त्यांचीच. उद्या त्यांनी म्हटलं, जागा हवीय, तर? मी आठशे खोकी चिठ्ठ्या कुठे नेऊ? तुम्ही आईंना कुठे न्याल? त्यांचं वय काय आता?"

"एकोणऐंशी."

"तेच म्हणतो मी. तुमची तीन वर्षं राहिलीत. शब्द काय, पुढच्या आवृत्तीत बघू."

तो "बरं" म्हणून बाहेर आला. कचेरीच्या मागच्या दारापासून क्वार्टरच्या दारापर्यंत फरसबंद अंगण होतं. रोज चार वेळा तो ते ओलांडायचा. आज अर्ध्या वाटेत त्याला थांबावं लागलं. दोन खोल्या, मोरी, खिडकीतली तुळस, वर पन्हळीचे पत्रे. एकवीस वर्षं तो इथे राहत होता, आणि आत्ता पहिल्यांदा त्याला दिसलं की भिंतीवर त्याने एकही खिळा ठोकलेला नाही. कॅलेंडर कपाटावर टेकवून ठेवलेलं. आरसा खुर्चीत. पुस्तकं अजून खोक्यांत, एकावर एक, नावं बाहेर दिसतील अशी. लोकांना ती त्याची साधी राहणी वाटायची. लग्नाचं राहूनच गेलं, तेही लोक त्याच सदरात टाकत. बाहेर कुणी कडी वाजवली की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. पोस्टमन असो, शेजारीण असो, आधी खड्डा, मग कोण ते. त्याला वाटायचं सगळ्यांचंच असं होत असेल. रस्त्यात कुणी टेप लावून काही मोजताना दिसलं की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. यालाही कधी कारण लागलं नव्हतं.

पुढचे चार दिवस त्याने कसेबसे काढले. तो कामाला बसायचा आणि एकाच ओळीवर तासभर राहायचा. मंगळवारी दुपारी पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं गल्लीच्या तोंडाशी तिपाई लावून उभी होती. ती पाण्याच्या पाइपलाइनची माणसं होती, त्यातल्या एकाने त्याला तसं हसून सांगितलंही. तरी घरी येऊन त्याने खिडकीची झडप लावून घेतली आणि पलंगावर बसून राहिला. तोंडात पुन्हा तो चुना. यावेळी चवीबरोबर आणखी काही आलं. ऊन. घरात कधी पडू नये तिथे, चुलीवर, पडलेलं ऊन. आणि बाहेर धुळीत ओढलेल्या दोन रेघा, दारापासून रस्त्यापर्यंत, एकमेकींना समांतर, मध्येच जराशा वाकड्या झालेल्या. या रेघा त्याला आयुष्यभर आठवत आल्या होत्या. हातगाडीच्या चाकांच्या असाव्यात, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. आता, झडप लावलेल्या खोलीत, त्याला वाटलं की हातगाडी दाराच्या आतून कशी निघेल.

आई बाहेरच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोटं पाकळीला बरोबर भेटायची. तो समोर स्टूल घेऊन बसला.

"आई, आपण खाणीवरून निघालो, तेव्हा कागद आला होता का गं?"

"नाही. कागद यायच्या आत निघालो आपण. किती वेळा सांगू?"

"घरात ऊन कुठून आलं होतं?"

बोटं थांबली. "कसलं ऊन?"

"चुलीवर. मला आठवतंय."

मग तिने एक पाकळी सोलली, वाटीत टाकली, दुसरी उचलली आणि तशीच हातात धरली. "कशाला उकरतोस?" ती म्हणाली. त्याने मग तिला सगळं सांगितलं: ती बाई, सोळा घरं, पान दोनशे बारा. टीप वाचून दाखवली. आपलं वाक्य ऐकताना आईचा चेहरा आधी ओळखीने किंचित उजळला आणि मग हळूहळू उतरत गेला.

"हे तू छापलंस?"

"हो."

"माझ्या बोलण्यावरून?"

"हो."

"अरे," ती म्हणाली, "कागद तीनदा आला होता."

मग ती सांगत गेली, त्याच्याकडे न बघता, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तशा सपाट आवाजात. कागद वडिलांनी घेतले आणि हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवले. तिला सांगितलंच नाही. त्यांना वाटत होतं, आपण खाणीचेच सुतार, आपल्याला कोण हात लावणार. एका दुपारी माणसं आली. कडी वाजली, तिने उघडली, तर त्यांनी आत यायच्या आधी शिडी लावली. "पत्रे आधी काढले. आम्ही आत असताना. स्वयंपाक चुलीवर होता, त्यात वरून चुना पडला. तू तोंडात घास धरून वर बघत होतास. मला म्हणालास, आई, आभाळ घरात कसं आलं? आता काय सांगायचं तुला? म्हटलं, आपणच काढायला सांगितलंय रे. आपण दुसरीकडे राहायला चाललोय. तू हसलास. तू हसलास म्हणून मला उभं राहता आलं. मग तेच सांगत राहिले. तुला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं."

"आणि बाबा?"

"ते ट्रंक बाहेर ठेवून परत आत गेले. जमिनीवर बसले. उठेनात. दोघांनी बगलेत हात घालून ओढत आणले. पायात चपला नव्हत्या. टाचा घासत आणलं त्यांना रस्त्यापर्यंत." तिने हातातली पाकळी वाटीत टाकली. "तू ट्रकमध्ये गादीच्या वळकटीवर बसला होतास. मला वाटलं, तू पाहिलं नाहीस."

तो बसून राहिला. वडील त्यानंतर चार वर्षांनी गेले. त्या चार वर्षांत ते काय बोलले ते त्याला आठवेना. हाताखाली लाकूड असायचं, रंधा चालायचा, आणि दारात कुणाची सावली पडली की रंधा थांबायचा. एवढंच. म्हणजे पोटातला खड्डाही स्वतःचा नव्हता, तोही वारशाने आलेला. त्याला आईचा राग यायला हवा होता, पण वाटली ती भीतीच, आधीपेक्षा जास्त. इतकी वर्षं तिच्या एका वाक्यावर त्याने पाय ठेवले होते. आता त्याखाली काहीच नव्हतं, आणि गुरुवार दोन दिवसांवर होता.

गुरुवारी तो गेला. कसा गेला ते विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. दोनदा बसमधून मधल्याच थांब्यावर उतरला आणि दोनदा पुढची बस धरली. सुनावणीची खोली लांबट होती, भिंतीला हिरवट ऑइलपेंट, पंखा खरखरणारा. सोळा घरांतली माणसं मागच्या बाकांवर दाटीने बसली होती. शिवणकामवाल्या बाईने त्याला पाहिलं आणि फक्त मान हलवली, शेजारी जागा करून दिली. अधिकारी तरुण होता, नम्र होता, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटली. आरडाओरडा करणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो.

"म्हणजे कोशातली व्याख्या तुमची?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो."

"आणि ती चुकीची आहे, असं तुमचं म्हणणं?"

"टीप चुकीची आहे."

"कशावरून? तुमच्याच पुस्तकाविरुद्ध तुम्ही बोलताय. काही आधार?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला, आणि बाहेर आला तो आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा होता, कारण दुसरा कुठलाच आवाज त्याच्याकडे नव्हता. "उच्चाटन म्हणून एक शब्द आहे, साहेब. आज आपण तो घालवून देणं एवढ्याच अर्थाने वापरतो. पण जुन्या मंत्रतंत्राच्या पोथ्यांत तो एका प्रयोगाचं नाव होता. त्यात माणसाला हात लावायचा नसतो. त्याचं मनच त्याच्या घरावरून उठवायचं. त्याला तिथे भीती वाटायला लावायची, अशी, की एक दिवस तो आपल्याच पायांनी दार उघडून निघून जाईल. बघणाऱ्याला वाटेल, स्वतःहून गेला. पाय त्याचेच असतात. पण तरी पोथीत तो प्रयोग करणाऱ्याच्या नावावर लागतो, जाणाऱ्याच्या नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी टीप लिहिली."

"का?"

पंखा खरखरत होता. "कारण माझ्या आईने मला सांगितलं होतं की आम्ही स्वतःहून निघालो," तो म्हणाला. "ती खोटं बोलली होती. मी सहा वर्षांचा होतो, मी घाबरू नये म्हणून." आणि मग त्याने पत्र्यांचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं. टाचांचं सांगताना त्याचा शिकवण्याचा आवाज संपला. उरलेलं त्याने कसल्याशा घोगऱ्या, अनोळखी आवाजात पुरं केलं. "छत पडेपर्यंत थांबला तो विस्थापित, आणि पोराला घेऊन आधी निघाला तो नाही, असा अर्थ कुठल्याच भाषेत होत नाही. तो मी केला. खोडा तो."

अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. त्याला सही करायला लावली. बाहेर पायऱ्यांवर बाई म्हणाली, "पाणी प्या आधी. पांढरे पडलायत." त्याने बाटली घेतली, पण झाकण उघडेना, तिनेच उघडून दिलं.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. टीप ग्राह्य धरू नये असा. सोळा घरांची नावं यादीत गेली. बाई सांगायला स्वतः आली नाही, तिने फोन केला. मागे शिवणयंत्र चालू होतं. "मिळाल्या खोल्या," ती म्हणाली, "दुसऱ्या टोकाला आहेत, पण आहेत." मग यंत्र थांबलं. "तुमचं काही होणार नाही ना?" तो म्हणाला, "नाही." या वेळी मात्र तो 'पाहतो' म्हणाला नाही.

त्याच्या नावाचं पत्र त्यानंतर सहाव्या दिवशी आलं, संचालकांच्या हातून. संचालकांनी ते टेबलावर न ठेवता त्याच्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. प्रशासकीय सोयीसाठी मागील क्वार्टरची जागा संस्थेस परत हवी असून एक महिन्याच्या आत ती रिकामी करून द्यावी. 'प्रशासकीय', 'सोय', 'रिकामी' या शब्दांवरून त्याची नजर सवयीने फिरली, पण आज एकही शब्द उघडावासा वाटला नाही. "मी प्रयत्न केला," संचालक म्हणाले. "कोश तरी राहिला." तो "हो" म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याला त्यांची कीव आली.

ऊन अंगणातून सरकत भिंतीला लागलं होतं तेव्हा तो घरी आला. आई पलंगावर बसली होती. पावलांवरूनच तिला कळलं. "काय आलंय?" तिने विचारलं.

कागद त्याच्या हातात होता. तिला दिसत नव्हतं. तो काहीही वाचू शकला असता. चांगली जागा मिळतेय, मोठी, उजेडाची. आपणच मागून घेतली. वाक्यं आपोआप तयार होऊन ओठांशी येऊन उभी राहत होती, एकाहून एक सोपी, आणि आपण लहानपणी कसे हसलो असू हे त्याला तेव्हा कळलं. तो तिच्या शेजारी बसला आणि पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "काढलंय आपल्याला."

आईची पाठ नेहमीसारखी ताठ होती. थोड्या वेळाने तिचा हात चाचपडत त्याच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे घट्ट बसला. बोटं गार होती.

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. आपण काहीतरी धीराचं बोलायला हवं हे त्याला कळत होतं.

"मलाही," तो म्हणाला.

मग तिने हात सोडला नाही, त्यानेही सोडवला नाही.